माझा कणा आणि अक्कांचा राग

आमच्या संतपुरात शेजारच्या अक्कांनी ज्याला झापलं नाही, असा माणूस एकतर गावात नवा होता, नाहीतर अजून जन्मायचा होता. घरच्यांवर त्या मराठीत चिडत, सरकारी माणसांवर कानडीत आणि बसवाल्यांवर दखनी उर्दूत. थंडीत ऊन उशिरा आलं की अंगणात उभ्या राहून सूर्यालाही विचारत, "कामून रे, कंटाळा आलाय व्हय कामाचा?" त्यांचे यजमान कापडदुकानदार, स्वभावानं गरीब. त्याचाही अक्कांना संताप. "भांडायला बी येत न्हाई ह्या माणसाला!"

आमचा सीमाभाग म्हैसूर राज्यात होता तेव्हाची गोष्ट. मी तेरा वर्षांची झाले आणि माझा उजवा खांदा वर चढू लागला. परकर एका बाजूला लोंबायचा, वाकले की पाठीवर एका अंगाला फुगवटा दिसायचा. जो तो मला सांगू लागला, सरळ उभी राहा. जणू मी हौसेनं वाकडी उभी होते! आईनं घागर दुसऱ्या कमरेवर घ्यायला लावली. मग गाणगापूर झालं. तिथं एका पुजाऱ्यानं माझ्या मागच्या जन्मीचं पाप काढलं. अक्का सोबत होत्याच. "हिचा मागचा जन्म दिसतोय व्हय तुमाला? मग आत्ता बाहेरून माझी चप्पल कुणी नेली तेवढं सांगा की, महाराज!" सगळ्यांवर कडी केली ती शाळेतल्या ड्रिलच्या मास्तरांनी. स्वातंत्र्यदिनाच्या रांगेतून त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. माझ्यामुळे रांग वाकडी दिसत होती म्हणे! ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

त्या संध्याकाळी अक्कांनी माझ्या वडिलांनाच फैलावर घेतलं. "समदं गाव पोरीला सरळ करायलंय. तिला काय व्हायलंय ते कुणी बघायलंय का? सोलापूरला न्या." नुसतं सांगून थांबल्या नाहीत, बसमध्ये आमच्या आधी जाऊन बसल्या.

सोलापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. माझा कणा नदीच्या वळणासारखा दिसत होता. वळणावरचे मणके जागच्या जागी पिळले होते आणि एका बाजूनं दबून पाचरीसारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, "वाढीच्या वयात काही मुलींचं असं होतं. का होतं, ते सांगता येत नाही. घागरीनं नाही, उभं राहण्यानं नाही. हाडं अजून वाढतायत, तोवर प्लास्टरचं जाकीट घालू. वाक वाढायचा थांबेल."

"मग चूक कुणाची?" अक्कांनी विचारलं.

"कुणाचीच नाही, बाई."

अक्का बाहेर येऊन बाकड्यावर बसल्या. रागवायला माणूसच सापडेना, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असावं. शेवटी चहा गार आहे म्हणून त्यांनी चहावाल्याला धरलं, आणि त्याला झापता झापताच तोंडाला पदर लावून रडू लागल्या. तो बिचारा घाबरून गरम चहा घेऊन आला.

गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या एक्स-रे घेऊन शाळेत गेल्या. मास्तरांना खिडकीशी उभं करून तो उन्हात धरला.

"बघा मास्तर. वाक हाडात हाय, वागण्यात न्हाई."

"मला काय माहीत, अक्का..."

"माहीत न्हाई तर इचारायचं होतं! भरल्या शाळेत लेकराला कामून बाहेर काढलाव?"

 सव्वीस जानेवारीला मी प्लास्टरसकट रांगेत होते. सगळ्यांत ताठ मीच!

उन्हाळ्यात त्या प्लास्टरमध्ये जीव नकोसा व्हायचा. अक्का दुपारभर माझ्या गळ्याशी पंखा हलवत बसायच्या आणि उन्हाला कानडीत शिव्या द्यायच्या. ऊनही आता त्यांच्या लेखी सरकारी झालं असावं. पुढं वाढ थांबली आणि प्लास्टर निघालं. वाक राहिला, पण वाढला नाही. डॉक्टर खूश झाले. अक्का मात्र उसळल्या, "एवढं उकडून काढलं लेकराला, आन् निम्मंच काम केलंव?"

मी औरादला शिक्षिका झाले. बऱ्याच वर्षांनी भेटायला गेले, तेव्हा अक्का भिंतीकडेला अंथरुणावर होत्या. सून म्हणाली, हल्ली कुणाला काही बोलत नाहीत. त्यांना जरा रंगात आणावं म्हणून मी मुद्दाम तक्रार केली, "अक्का, कंडक्टरनं थांब्यावर बसच थांबवली नाही. लांब नेऊन सोडलं. उन्हात चालत आले मी."

आणि वाट पाहत राहिले.

अक्कांनी माझ्या हातावरून हात फिरवला. "असू दे, बाई. त्याला बी घाई असंल."

इतकं समजूतदार बोलणं मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.