साडूंची व्हॅन आणि माझा अंगठा

चोरीचा जितका सखोल विचार खुद्द चोरांनी केला नसेल, तितका आमच्या साडूंनी केलेला आहे. आयुष्यात दुसऱ्याच्या वावरातली काकडीसुद्धा न तोडलेला हा माणूस कुठल्याही बंद दारापाशी क्षणभर थांबतो, कडीकोयंड्याकडे बघतो आणि "दोन मिनटं" किंवा "पाच मिनटं" असं काहीतरी पुटपुटून पुढे जातो. ते दार फोडायला चोराला किती वेळ लागेल, याचा तो अंदाज असतो. आमच्या भुकूमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला बाकीच्या पाहुण्यांनी फरशीचं आणि बाल्कनीतून दिसणाऱ्या डोंगराचं कौतुक केलं. साडूंनी वाकून दाराचं लॅच पाहिलं आणि माझ्या पाठीवर सांत्वनाचा हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, दीड मिनिट." पुढचे आठ दिवस मी ऑफिसला निघताना जिन्यावरून परत येऊन दार ओढून बघत होतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे यजमान. राहायला भरे गावात, आणि धंदा बोअरच्या मोटरी दुरुस्त करण्याचा. पौडपासून पार धरणाच्या काठापर्यंत कुठल्याही वाडीत मोटर बंद पडली की यांची पांढरी व्हॅन तिथे पोचते. व्हॅनच्या टपावर तीन पायांची लोखंडी घोडी बांधलेली, आत चेनपुली, पाने, क्लॅम्प, वायरींची भेंडोळी आणि मीटर. आणि या सगळ्याला कुलपं. पुढच्या दोन दारांना कंपनीची कुलपं होती, ती साडूंच्या मते फक्त शोभेची. म्हणून स्टिअरिंगला म्हैस बांधायची साखळी आणि तिला कुलूप. गिअरला लोखंडी कडं, त्याला कुलूप. सरकत्या दाराला बाहेरून पट्टी आणि कुलूप, आतल्या हत्यारांना फक्त मागून उघडणारा लोखंडी पिंजरा, मागच्या दाराला आडवा अडसर आणि त्याला दोन बाजूंनी दोन कुलपं. ही दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेली, कारण एका दुकानदाराला दोन्ही चाव्या माहीत असणं बरं नव्हे. गाडी उघडायला त्यांना आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या घरी चहा होतो, म्हणून या कुलपांबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही. तक्रार केली ती फक्त आक्कांनी. माझ्या दागिन्यांना घरात एक साधं कुलूप आणि या डब्ब्याला सात, असं त्या एकदा माझ्यादेखत म्हणाल्या. साडूंनी शांतपणे विचारलं, "तुजं दागिनं घेऊन चोर कुणाची मोटर काढनार हाय का?"

लग्नकार्यात ते जेवायला बसतात ते व्हॅन दिसेल अशा बेताने. मंडपाची कनात आड येत असेल तर कनात बाजूला सारतात. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलीच्या मागे त्यांनी अशी कनात सारली, आणि त्या सगळ्या फोटोंत मुलीच्या खांद्यावरून एक पांढरी व्हॅन डोकावते आहे. आमच्या घरी आले तरी ते सोफ्यावर बसत नाहीत, खिडकीशी स्टूल ओढून बसतात. गप्पा आमच्याशी, नजर पार्किंगमध्ये. पहिल्यांदा मला हा अपमान वाटला होता. नंतर मीही त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसू लागलो, आणि खरं सांगतो, माझी आणि माझ्या साडूंची जी काही जवळीक झाली ती एकमेकांकडे न बघताच झाली.

हे वेड मुळातलं नव्हे. काही वर्षांपूर्वी खंडेनवमीला साडूंनी रिवाजाप्रमाणे सगळी हत्यारं व्हॅनमधून काढून, धुऊन-पुसून ओसरीवर मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. एकदा पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हत्यार जागचं हलवायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची शिस्त. साडूंनी ती पाळली. चोराने पाळली नाही. सकाळी ओसरीवर फुलं जशीच्या तशी होती, ओळीने, ज्या ज्या हत्याराला वाहिली होती त्याच्या त्याच्या जागी. चेनपुलीच्या जागी दोन फुलं, मीटरच्या जागी एक. साडू ती फुलं बराच वेळ बघत बसले होते, असं आक्का सांगतात. आता खंडेनवमी होते, पण व्हॅनच्या आत, दारं लावून. आक्का आत वाकून बसतात, आरती होते, आणि धुराने डोळे पुसत दोघं बाहेर येतात.

चोरीनंतर दोन महिने साडू घरी बसले. नेमक्या त्याच काळात त्यांच्या भावांनी एक सुचवणूक केली. घरची जमीन भावांनी विकली होती, साडूंनीही सही केली होती, आणि तिथे आता चार इमारतींची सोसायटी उभी होती. तिच्या गेटवर माणूस हवा होता. काम सावलीतलं, बसून करायचं, वर टोपी. भावांच्या मनात वाईट काही नव्हतं. साडूंनी एवढंच विचारलं, "ज्या वावरात भुईमूग उपटला, तितं बसून गाड्यांचं नंबर लिहू?" मग त्यांनी एकेक हत्यार पुन्हा जमवलं. तेव्हापासून ती व्हॅन म्हणजे साडू आणि ते गेट, यांच्यामधली एकच वस्तू होती. ती गेली की टोपी.

हे मला माहीत होतं, आणि माझी चूक हीच की मी मदत करायला गेलो. गेल्या हिवाळ्यात व्हॅनच्या मागच्या दारावर पहारीचे ओरखडे दिसले. साडू काळजीत पडले, आणि मी, कॉलेजच्या कचेरीत जन्म काढलेला आणि म्हणूनच यंत्रांवर श्रद्धा असलेला माणूस, त्यांना अंगठ्याने उघडणारं कुलूप घेऊन आलो. किल्ली नाही, म्हणजे हरवायची भीती नाही. आमच्या पार्किंगमध्ये मी ते मोठ्या ऐटीत मागच्या दाराला लावलं आणि कसं चालतं ते दाखवायला आधी स्वतःचा अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला. मग साडूंचा अंगठा. लाल दिवा. पुसून, लाल. धुऊन, लाल. दुसरा अंगठा, मग दहाही बोटं. चाळीस वर्षं तांब्याची तार, गंजके पाइप आणि थंड पाणी हाताळून त्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. आक्कांना बोलावलं. जन्मभर भात लावलेली आणि भांडी घासलेली त्यांची बोटंही कुलपाने नापसंत केली. मी ओशाळून म्हणालो, दादा, परत करतो हे. पण साडूंचा चेहरा उजळला होता. "परत कशापायी? मलाच उगडत न्हाई, म्हंजी चोराला काय उगडतंय. लई नामी हाय."

ठरलं असं की हे कुलूप फक्त रात्रीपुरतं. सकाळी साडू वाकडी वाट करून भुकूमला यायचे, मी पायजम्यात खाली उतरायचो, अंगठा लावायचो, आणि दिवसभर जुनी कुलपं चालायची. बंद करायला अंगठा लागत नव्हता, नुसतं दाबलं की बसायचं. घात तिथेच झाला.

फाल्गुनात धरणाकडच्या एका वाडीत हळदीच्या दिवशी बोअरची मोटर बंद पडली. साडू पोचले, घोडी टपावरून उतरवली, आणि जेवून घ्या म्हणून घरच्यांनी ओढलं तेव्हा सवयीने कुलूप दाबून गेले. हत्यारं आत, पाणी जमिनीत आणि माझा अंगठा कचेरीत. फोन आला तशी मी रजा टाकून स्कूटर काढली. पोचलो तर हंडे-कळशा घेऊन तीस-चाळीस माणसं व्हॅनभोवती उभी होती. मी अंगठा टेकवला, कुलूप उघडलं, आणि गर्दीतून एक म्हातारी पुढे येऊन मला निरखून म्हणाली, "असं हाय व्हय. गाडी तुमची. मंग मिस्त्री तुमच्याकडं कामाला हायेत."

मी तोंड उघडलं. पण साडू माझ्या आधी म्हणाले, "व्हय. मालक हायेत."

ते हसले असते तर बरं झालं असतं. ते घोडी उभी करायला लागले. कुणीतरी ओरडलं, मालकांना खुर्ची द्या, आणि मला मंडपातली लाल प्लास्टिकची खुर्ची आली. मी उठून पाइप धरायला गेलो, तो हातातून निसटून माझ्याच पायावर आला, आणि मला पुन्हा, या वेळी खरोखरच्या काळजीने, खुर्चीत बसवण्यात आलं. चहा आधी मला आला. साडूंनी एकेक पाइप वर काढला, जळलेला जोड कापून नवा केला, मोटर परत खाली सोडली. पाणी आलं तेव्हा बायकांनी पहिली कळशी भरून नवऱ्या मुलाकडे नेली आणि त्या म्हातारीने जाता जाता माझे आभार मानले. दिवसभरात साडूंनी मला एकदाही पाव्हणं म्हटलं नाही.

परतताना पौडच्या अलीकडे त्यांनी व्हॅन बाजूला घेतली. मी मागून स्कूटरवर होतो, मीही थांबलो. ते उतरले, मागच्या दाराकडे गेले, कोयंड्यात लटकणारं ते उघडं कुलूप काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मग म्हणाले, अगदी हळू, रस्त्याकडे बघत.

"चोरानं न्हेली असती पाव्हणं, तरी लोकं म्हनली असती, गाडी मिस्त्रीची व्हती."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पार्किंगमध्ये व्हॅन आली नाही. महिन्याभराने साडू आले, सोबत आंबेमोहोराची पिशवी होती. खिडकीशी दोन स्टुलं होतीच. म्हशीच्या साखळीला आता आणखी एक साखळी जोडली आहे आणि गाडी उघडायला नऊ मिनिटं लागतात, असं समाधानाने सांगून ते पार्किंगकडे बघत बसले. मीही बसलो.

ते कुलूप मी माझ्या कपाटाला लावलं आहे. आत जुने पगारपत्रकांचे कागद आहेत आणि दोन लोकरी टोप्या. अंगठा नुसता जवळ नेला की उघडतं.