ईराचा अर्ज दोन वाटांनी निघाला

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते.

ईराच्या शाळेचा अर्ज. सकाळी दहाला वेबसाइट उघडणार, जागा मोजक्याच, जो आधी भरेल त्याला मिळणार. आणि लालबागच्या आमच्या चाळीतलं इंटरनेट म्हणजे त्याच्या मनात आलं तर चालणार! मी दिराला साकडं घातलं. सुहासभाऊजींनी एक डबी बसवली. एक लाइन आमची, दुसरी शेजारच्या प्राजक्ताच्या घरातून, तिला विचारून, गॅलरीतून ओढलेली.

"वहिनी, ही डबी काम दोन्ही लाइनींवर वाटून देते. एकीवरच भार नको."

डबीवर दोन हिरवे दिवे लुकलुकायला लागले. कोवळं ऊन, मांडीवर पेंगणारी ईरा, आणि मी त्या दिव्यांकडे बघतच राहिले. वाटलं, ईराचं अर्धं नाव आमच्या गॅलरीतून निघेल, अर्धं प्राजक्ताच्या. वाटेत कुठेतरी दोन्ही भेटतील आणि हात धरून शाळेच्या दारात उभी राहतील. किती गोड ना?

दहा वाजले. नाव भरलं, जन्मतारीख भरली, आणि पडद्यावर लाल अक्षरं! 'हे खातं दुसऱ्या ठिकाणाहूनही वापरलं जात आहे. सुरक्षेसाठी तुम्हाला बाहेर काढलं आहे.'

पुन्हा शिरले, पुन्हा बाहेर. पासवर्ड बदलला. चोर नव्या पासवर्डनेही आत!

आता सांगा, त्याच शाळेत जागा कोणाला हवी होती? प्राजक्ताच्या अर्णवला. मला एकदम सगळं लख्ख दिसलं! ईराला काखोटीला मारलं आणि प्राजक्ताच्या दारात धडकले.

"प्राजक्ता, ईराच्या अर्जात शिरतेयस तू?"

ती लाटणं घेऊनच बाहेर आली. "काय गो, झोप झाली ना तुझी? अर्णवचा अर्ज मी मघाशीच फोनवरून भरला."

"मग माझ्या खात्यात कोण आहे?"

"माझंच नेट वापरतेस आणि मलाच चोर म्हणतेस?" तिने खटकन तिच्या नेटचं बटण बंद केलं. "घे! आता भर!"

घरी आले, भरला. एका दमात गेला! तिने बटण बंद केलं आणि चोर गायब. अजून काय पुरावा हवा? चाळीच्या ग्रुपवर टाकणारच होते, ईराने फोन ओढला म्हणून वाचले.

संध्याकाळी भाऊजींनी ऐकून कपाळावर हात मारला. "वहिनी, तुमचं एक पान तुमच्या लाइनने गेलं, दुसरं तिच्या. साइटला वाटलं, दोन घरांतून दोन बायका घुसल्यात. ती दुसरी बाईपण तुम्हीच!"

म्हणजे सकाळभर मी मलाच हाकलत होते. नवा पासवर्डही चोराला मीच पुरवत होते!

अर्जाची प्रत घेऊन माफी मागायला गेले. प्राजक्ताने अर्धंच दार उघडलं. सगळं ऐकून घेतलं, मग प्रतीतला एक रकाना मोठ्याने वाचायला लागली. 'आई पोहोचू शकली नाही, तर मूल कोणाकडे सोपवावे?' पुढे तिचं नाव. नातं, मावशी. तिच्याशी भांडून आल्यावर दोनच मिनिटांत मीच भरलेलं, मनात दुसरं नावच आलं नव्हतं!

तिने दार पूर्ण उघडलं, ईराला माझ्याकडून घेतलं.

"मी नेईन गो हिला शाळेतून. पण तू कधी न्यायला गेलीस, तर अख्खी जा. अर्धी इथून, अर्धी तिथून गेलीस, तर वॉचमन दोघींना हाकलेल!"