चार हजार सातशे ब्याण्णव भागाकार

आमच्या घरात बारा वर्षं एक आकडा मुक्काम ठोकून आहे. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. मला तो झोपेतही म्हणता येतो, इतका मी त्याचा राग करते.

माझे यजमान केन्नानी म्सुक्वा करोंगा गावच्या शाळेत गणित शिकवायचे. स्वतः करून पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, हा त्यांच्या वर्गाचा कायदा. एकदा फळ्यावर हा आकडा लिहून ते म्हणाले, ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. टेम्वा नावाच्या मुलीने विचारलं, "सर, तुम्ही करून पाहिलंत?" वर्ग हसला. हे म्हणाले, "भागून दाखवीन."

आकड्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसपर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. असे भागाकार चार हजार सातशे ब्याण्णव. पाचशे झाल्यावर जुन्या वहीत एक चूक सापडली आणि यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. निवृत्ती झाली. आमची मुलगी तवोंगा म्झुझू शहरातून बोलावत राहिली, पण हे वह्या सोडून हलेनात, आणि यांना सोडून मला हलता येईना.

तीन वर्षांपूर्वी टेम्वा विद्यापीठातून सुट्टीला आली. सरांपुढे गुडघे टेकून नमस्कार केला, वह्या पाहिल्या. मागे चुलीपाशी येऊन माझ्या हातात कागद दिला.

"आई, या आकड्याला ठरावीक साच्याच्या संख्याच भागू शकतात. चौऱ्यांशीच तपासल्या तरी पुरे. सिद्धता लिहिली आहे."

"मग त्यांना सांग ना."

"गुरूंची चूक मी कशी काढू? तुम्हीच सांगा."

मी कागद पिठाच्या मडक्यामागे ठेवला. नऊ वर्षं वाया गेली हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. दरम्यान त्यांचा डावा डोळा गेला, उजवा धूसर झाला. गेल्या रविवारी मासा शेजारच्या ताटलीत असताना त्यांना रिकाम्या ताटलीत हात चाचपताना पाहिलं आणि मी कागद आणून पुढे ठेवला.

नाकाला टेकवून दुपारभर वाचला त्यांनी.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कधी दिला तिने?"

"तीन वर्षं झाली."

"तेव्हा मला दोन्ही डोळे होते, न्यागोंडवे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते रागावलेसुद्धा नाहीत. वही माझ्याकडे सरकवली.

"तीनशे साठ उरलेत. मी सांगतो, तू लिही."

"आता कशाला, तवोंगाचे बाबा? सिद्ध झालंय ना?"

"टेम्वाचं झालंय. मी भागून दाखवीन म्हणालो होतो."

कोणत्या तोंडाने नाही म्हणू? रोज जेवण झालं की मी पेन्सिल घेऊन बसते. काल तीन झाले, त्यातला एक माझ्या हातून चुकला.