खालून कापलेल्या ओळी

अमरावती आवृत्तीत रविवारी विज्ञानाचं एक पान असतं. चार वर्षं ते माझ्याकडे होतं. गुरुवारी दुपारपर्यंत एजन्सीकडून देशोदेशीच्या संशोधनाच्या बातम्या येत. त्यातल्या पाच निवडायच्या: एक आकाशातली, एक औषधाची, एक बॅटरीची किंवा नव्या धातूची, एक शेतीची, एक जुन्या हाडांची. भाषांतर करायचं, शीर्षक द्यायचं, शुक्रवारी संध्याकाळी पान छपाईला सोडायचं. शीर्षकांचे शब्द ठरलेले होते. 'क्रांतिकारी', 'मोठं यश', 'आता शक्य', 'लवकरच'. त्या पानावर कर्करोग दीड-दोन महिन्यांनी एकदा बरा होत असे, टक्कल त्याहून लवकर. मागच्या वेळी बरा झालेला कर्करोग पुन्हा कुठून आला, असं कुणी कधी विचारलं नाही.

शुक्रवारी चारच्या सुमाराला जाहिरात विभागाचा माणूस येई. पानाच्या तळाशी साखर मुळापासून घालवणाऱ्या एका चूर्णाची जाहिरात असायची आणि तिचा आकार शेवटपर्यंत पक्का नसायचा. ती वाढली की वरच्या बातम्या कमी करायच्या. कापायचं खालून. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. महत्त्वाचं वर लिहिलेलं असतं, म्हणून खालचं न वाचता उडवता येतं. अपघाताच्या किंवा नगरपालिकेच्या बातमीत त्याने फारसं बिघडत नाही. संशोधनाच्या बातमीत प्रयोग कुणावर झाला, माणसापर्यंत यायला किती काळ लागेल, खर्च कुणी केला, हे सगळं तळाशी असतं. ज्यांनी बातमी पाठवलेली असते त्यांना ते वर नको असतं. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तरी मी खालूनच कापत राहिलो, कारण त्यात वेळ कमी जातो.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी परतवाड्याहून एक बाई कार्यालयात आल्या. अंगणवाडी सेविका होत्या, वय चाळिशीच्या आतलं. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं एक कात्रण काढलं. माझ्याच पानाचं होतं, दोन वर्षांपूर्वीचं. 'अंध डोळ्यांना पुन्हा दृष्टी! उपचार लवकरच.' घडीवर कागद पांढरा पडला होता. त्यांना त्या दवाखान्याचा पत्ता हवा होता.

त्यांचा धाकटा भाऊ शिंपी होता. डोळ्यांचा पडदा आतून हळूहळू मरत जाण्याचा आजार त्याला होता. आधी अंधारात दिसेनासं झालं, मग बाजूचं, आता नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं, तेही धूसर. मशीन त्याने सोडलं होतं. बटणं लावणं, तुरपाई करणं, एवढं हातकाम तो चाचपून करायचा. सुईत दोरा मात्र ओवता यायचा नाही. बाई रोज सकाळी अंगणवाडीला जाण्याआधी वीस सुया ओवून स्पंजच्या तुकड्यात खोचून त्याच्याजवळ ठेवत. त्या संपल्या की तो बहीण परत येईपर्यंत बसून राही.

डॉक्टरांनी उपचार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. अकोल्याला जठारपेठेत अशा माणसांसाठी एक प्रशिक्षण केंद्र आहे. काठी घेऊन चालणं, ब्रेल, बोलणारा फोन वापरणं शिकवतात, राहायची सोय असते. तिथे दोनदा नंबर लागला आणि दोन्ही वेळा भावाने नकार दिला. उपचार येतोच आहे तर आंधळं व्हायचं शिक्षण कशाला घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. आता तिसऱ्यांदा बोलावणं आलं होतं. सोमवारी हजर झाला नाही तर नाव कायमचं कटणार होतं.

"माह्यं आयकत नाही तो," बाई म्हणाल्या. "डॉक्टरचं बी नाही. मनते, पेपरात आलं हाय, पेपरवाले खोटं काहून लिहितीन? तुमी पत्ता द्या भाऊ, नाही त नाही मना. एक काहीतरी मना."

मी जुने मेल उघडून मूळ बातमी शोधली. तिचा शेवटचा परिच्छेद तीन ओळींचा होता. प्रयोग उंदरांवर झाला आहे, माणसांवर नाही. माणसांसाठी तो सुरक्षित आहे का हे माहीत नाही. चाचण्या कधी सुरू होतील हे सांगता येत नाही. मी तो त्यांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचला.

"हे खालचं तुमी काहून नाही छापलं?"

"जागा नव्हती."

त्यांनी कात्रण पुढे ओढलं. कात्री बातमीच्या जरा खालून फिरली होती, त्यामुळे कडेला चूर्णाचा अर्धा डबा आला होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "याले होती."

मी कार्यालयाच्या कागदावर लिहून, सही करून देतो म्हणालो. त्याचा उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं. हाताने लिहिलेलं भाऊ मानणार नाही, बहिणीने लिहून आणलं म्हणेल. रविवारी शेजारचे निवृत्त मास्तर त्याला पेपर वाचून दाखवतात, त्यात आलं तरच तो ऐकेल. छापा, एवढं बोलून त्या परतवाड्याच्या गाडीला गेल्या.

मी संपादकांकडे दुरुस्तीचा मजकूर घेऊन गेलो. त्यांनी तो वाचला आणि परत दिला.

"आपण चुकीचं काय छापलं? कमी छापलं. कमी छापल्याची दुरुस्ती नसते."

वर त्यांनी असंही सांगितलं, की दोन वर्षांनी दुरुस्ती छापली की ज्यांना आठवत नाही त्यांनाही आठवतं. त्या विषयावर नवी बातमी असेल तर दे. नवी बातमी होती. त्या आजारावर दर महिन्याला कुठून तरी असतेच. ती घेतली आणि जे तळाशी होतं ते वर आणलं. पहिली ओळ अशी लिहिली: 'याच पानावर पूर्वी ज्याची बातमी आली होती, तो डोळ्यांचा उपचार आजवर फक्त उंदरांवर झाला आहे, माणसांसाठी तो उपलब्ध नाही आणि कधी होईल हे कुणालाही सांगता येत नाही.' शीर्षक दिलं: 'दृष्टीचा उपचार अजून उंदरांपुरताच'. शुक्रवारी जाहिरात वाढली. बातमीच्या खालच्या चार ओळी गेल्या. त्यांत काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी पान पाहिलं. शीर्षक रात्रपाळीत बदललं होतं. 'अंधत्वावर मात? संशोधन निर्णायक टप्प्यावर!' त्याच्या खाली माझी पहिली ओळ जशीच्या तशी. दोन्ही एकाच चौकटीत होतं आणि ते लावणाऱ्या, तपासणाऱ्या, छापणाऱ्या कुणालाही त्यात वावगं दिसलं नव्हतं. मला ते पान हातात धरवेना. घडी करून ठेवलं, हात धुतले.

सोमवारी सुट्टी टाकून अकोल्याला गेलो. केंद्राच्या ओट्यावरच्या बाकावर बाई बसल्या होत्या आणि शेजारी भाऊ, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. मास्तरांनी शीर्षक वाचल्यावर तो बहिणीला 'पाह्य' म्हणाला होता. बहिणीने मास्तरांना पहिली ओळ वाचायला लावली. ती त्याने तीनदा वाचून घेतली. संध्याकाळी पिशवीत भरायला कपडे काढून दे म्हणाला. हे सगळं बाईंनी मला सांगितलं आणि मी कोण ते त्याला सांगितलं. त्याने अंदाजाने मान वळवली, ती माझ्यापासून वीतभर बाजूला.

"उंदरायले दिसू लागलं का पण?"

थोडं दिसू लागलं होतं, असं मी म्हणालो.

"चाला," तो म्हणाला. "त्यायचं तरी भलं झालं."

तेवढ्यात कार्यालयातून फोन आला. संपादक होते. रविवारपासून उपचाराचा पत्ता विचारायला फोन येत होते, प्रतिसाद चांगला होता, येत्या रविवारी अर्धं पान करायचं होतं. पहिल्या ओळीतच उंदीर लिहिलेत, असं मी सांगितलं.

"लोक पहिली ओळ वाचत नाहीत," ते म्हणाले. "वाचली तरी फोन करतात. तू पान कर."

आत नावनोंदणी झाली. शिकवणाऱ्या बाई स्वतः पूर्ण अंध होत्या. त्यांनी भावाला धंदा विचारला. त्याने शिंपीकाम सांगितलं आणि सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून बहिणीला रोज त्रास होतो, हेही सांगितलं. त्यांनी खण उघडून एक सुई त्याच्या हातावर ठेवली. तिच्या डोक्याला खाच होती. दोरा वरून ताणून खाचेत दाबला की तो आपोआप नेढ्यात उतरतो, पाहावं लागत नाही. पहिल्यांदा दोरा निसटला. दुसऱ्यांदा आत गेला. त्याने तो ओढून पाहिला, काढला आणि पुन्हा ओवला.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ही सुई फार जुनी आहे, त्यांच्या लहानपणीही होती, मोठ्या कटलरी दुकानात मागितली तर मिळते.

बहीण सुईकडे बघत होती. तीन वर्षं रोज सकाळी तिने वीस-वीस सुया ओवल्या होत्या. ती माझ्याकडे वळली.

"हे छापता का तुमी?"

विचारतो म्हणालो. मंगळवारी विचारलं. त्यात नवीन काय, असं संपादक म्हणाले. संशोधन कुठलं, विद्यापीठ कुठलं, काही नाही. जुनी सुई आहे. ते पान दुसऱ्या कुणाला द्या, असं मी त्याच वेळी सांगून टाकलं. ते लगेच मान्य झालं. अर्धं पान दुसऱ्या उपसंपादकाने केलं. बातमीचा मजकूर थोडा कमी पडला आणि शुक्रवारी पानाच्या तळाशी जागा उरली. तिथे चूर्णाचा डबा मोठा करून लावला.