मालकाला विचारून सांगतो

अहमदपुरात गुरुलिंगआप्पांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. दुकानात पांढऱ्या खोळीची गादी होती, तिच्यामागं लोड होता, आणि त्या गादीवर कधी कुणी बसत नसे. आप्पा खाली, खिळ्यांच्या पोत्याला पाठ लावून बसायचे. गिऱ्हाइकानं कुदळीचा भाव पाडून मागितला की म्हणायचे, "थांबा, मालकाला विचारून सांगतो." मग मान वळवून त्या रिकाम्या गादीकडं बघायचे, जरा वेळ ऐकल्यासारखं करायचे आणि सांगायचे, "न्हाई म्हणून राहिलेत." नवखं गिऱ्हाईक एकदा गादीकडं, एकदा आप्पांकडं बघून मुकाट्यानं कुदळ घेऊन जायचं.

मालक म्हणजे महादेव. आप्पा लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि आईचं माहेर उदगीरच्या पलीकडचं असल्यानं रागावले की तोंडात कानडी. निजामाच्या शेवटच्या धामधुमीत त्यांचे वडील दुकान आहे तसं टाकून देवणीकडं पाहुण्यांत जाऊन राहिले होते. परत आले तेव्हा आजूबाजूची दुकानं फुटलेली आणि यांचं मात्र कुलपासकट उभं. वडिलांनी गादीवर विभूती टाकली आणि म्हणाले, ज्यानं राखलं त्याचं हे, आजपासून आपण गुमास्ते. तेव्हापासून 'माझं दुकान' असं त्या घरात कुणी बोललं नाही. आप्पांनी तर चुकूनही नाही.

दुकानामागच्या शेडमध्ये मी काम करायचो. मी लोहार. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांचं आणि माझं पटलं नाही म्हणून सुटली. पण माझ्या हातची बादली गळाली असं कुणी म्हणून दाखवावं. नांदेडहून पत्रा आप्पा आणायचे, बादल्या, पिंपं मी ठोकायचो, दुकानात खपायची. आमच्यात कागद कसलाच नव्हता. भांडण मात्र रोज असायचं, आणि ते झालं नाही तर आप्पा विचारायचे, "मारोती, आज तब्येत बरी न्हाई का रे?"

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराची ही गोष्ट. तोवर आमची सगळी सरकारी कामं उस्मानाबादेत. जिल्हा झाला म्हणून पेढे वाटले गेले, पण पावसाळा कोरडा गेला होता. खेड्यांत टँकर यायचा आणि साठवायला काही नाही म्हणून आटलेल्या विहिरीत ओतून जायचा. तेच पाणी बायका पुन्हा गाळासकट शेंदून काढायच्या. म्हणून सरकारनं गावोगाव लोखंडी टाक्या बसवायचं ठरवलं आणि आमच्याकडं विचारणा आली. मी विचारबिचार केला नाही. होता नव्हता तो पत्रा आणवला, कापला, वाकवला, भोकं पाडली. पत्रा एकदा टाकीसाठी कापला की त्याची दुसरी वस्तू होत नाही. आणि मग निरोप आला की विक्रीकराचा नंबर असेल त्याच्याच टाक्या घेणार.

नंबर म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बादल्या-पिंपांना तो कधी लागला नव्हता. एसटीनं लातूरला गेलो, एक वकील गाठला. भला माणूस होता. अर्ज समोर घेऊन विचारू लागला.

"धंद्याच्या मालकाचं नाव?"

"महादेव," आप्पा म्हणाले.

"वडिलांचं नाव?"

"त्यांना आईबाप न्हाईत साहेब. स्वयंभू हायेत."

वकिलानं पेन खाली ठेवलं. "आप्पा, अर्जात माणूस लागतो."

"मग माणसाच्या धंद्याला तुमचा अर्ज ठेवा. हा धंदा त्यांचा हाय. मी गुमास्ता. खोटं लिहून सही कशी करू?"

शेवटी वकिलानं मालकाची जागा कोरी ठेवली, बाकीचं भरून दिलं आणि म्हणाला, साहेब पाहणीला येतील तेव्हा त्यांच्यासमोर सांगा काय ते. विक्रीकराची कचेरीही तेव्हा नवीच, अर्ध्या कागदांचे गठ्ठे अजून जुन्या जिल्ह्यातनं यायचे होते. त्या गर्दीत कोरी जागा खपली.

पाहणीला इन्स्पेक्टर आले तेव्हा मी टाकीच्या आत होतो. पत्रे जोडायचा रिबीट मारायचा तर बाहेरून एक जण ठोकतो आणि आतून एक जण वजन लावून धरतो. आतला मी. उन्हात तापलेल्या टाकीत बसून कानाशी हातोडा ऐकायचा, हे काम मी दुसऱ्याला देत नसे. ठोकणाऱ्यानं हात थांबवला म्हणून बाहेर कान दिला.

इन्स्पेक्टर दमून आले होते म्हणे. दुकानात शिरले आणि समोर गादी दिसली तशी तिच्यावर टेकले.

आप्पांचा आवाज आला, एकदम मऊ. "साहेब, उठता का जरा? मालकाच्या अंगावर बसलात."

"कुठायत मालक?"

"तुमच्या खाली."

दुकानात बाजारचे चार लोक होते, ते हसले. हसले नसते तर निभावलं असतं. इन्स्पेक्टर उठले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि चहा न पिता गेले. मी टाकीतनं बाहेर येईस्तोवर त्यांची जीप वळली होती.

"आप्पा, एवढं एक वेळ बसू दिलं असतं तर देव मोडला असता का?"

"देव मोडत न्हाई. माझी खाली बसायची सवय मोडली असती. आज साहेब बसला, उद्या मी बसन."

त्या दिवसांत मी असा अडकलो होतो की काय सांगू. शेड अर्ध्या टाक्यांनी भरलेली, झोपायला जागा नाही. दोन कारागीर पुण्याची गाडी धरायच्या गोष्टी करायला लागले. बाहेरगावचा एक कारखाना टाक्या द्यायला तयार आहे, असं कानावर आलं. काम गेलं की शेड बंद, आणि मग मलाही पुण्याला जाऊन कुणाच्या तरी हाताखाली ठोकत बसावं लागणार. माझ्यासारख्या माणसाला कुणी शिटी वाजवून कामाला लावणार, या विचारानंच अंगाची आग व्हायची. खेड्यांतनं माणसं यायची, टाकीवर हात फिरवायची आणि म्हणायची, "झालीय की ही, नेऊ का?" त्यांना काय सांगणार? टाकी झालीय, पण तिला मालक नाही.

कचेरीतनं बोलावणं आलं. वकिलानं बजावून सांगितलं की या खेपेला जागा भरा, नाहीतर अर्ज निकाली निघतो, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही दोघं साहेबांसमोर उभे राहिलो. तरणाबांड अधिकारी होता, बोलायला चांगला.

"मालक कोण, एवढंच सांगा. बाकी सगळं ठीक आहे."

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "हा."

"मी?" मी ओरडलोच. "साहेब, दुकान यांचं, शेड यांची, पत्रा यांचा. मी लोहार आहे. फुकटची मालकी घेणारा नाही मी."

"दुकान देवाचं," आप्पा म्हणाले. "टाक्यांचा धंदा निराळा. तो ह्याचा. शेड मी भाड्यानं देतो, देवाला विचारून आलोय."

"मला विचारलं होतं का?"

"तू न्हाईच म्हणला असतास. म्हणून न्हाई विचारलं."

साहेब हसू दाबत म्हणाले, "मालक व्हायला भांडणारे भाऊ मी पुष्कळ बघतो. मालक न व्हायला भांडणारे पहिल्यांदा बघतोय. बाहेर जा, ठरवा आणि या. जेवणाची सुट्टी होईस्तोवर थांबतो."

बाहेर व्हरांड्यात मी आप्पांना नको नको ते बोललो. भीक म्हणालो, डाव म्हणालो. उपकाराखाली दाबता का, म्हणालो. आप्पांनी पिशवीतनं भाकरी काढली, चटणी लावली, अर्धी माझ्या हातात दिली. माझं बोलणं संपेपर्यंत ते चावत राहिले. मग म्हणाले, "झालं? आता ऐक. मी ह्या घडीला उठून देवणीला बहिणीकडं गेलो तर माझं काही अडत न्हाई. तू जाशील? त्या टाक्या तशा सोडून?"

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"ज्याला सोडून जाता येत न्हाई तो मालक. मला जाता येतंय. तुला येत न्हाई, तुझं तोंडच सांगून राहिलंय. लई झालं, भाकर खा अन् सही कर."

मी सही केली. माझी सही झोकदार आहे, आयुष्यात तेवढंच लिहिणं मन लावून शिकलो. त्या दिवशी मात्र इतक्या रागात केली की कागद फाटायचा राहिला.

नंबर आला. टाक्या खेड्यांत गेल्या. पुढच्या दुष्काळांतही गेल्या. हिमायतनगरच्या बाजूला एका गावात त्यांतली एक अजून उभी आहे, आता तीत कडधान्य ठेवतात. पण माझी सुटका झाली नाही. नंबर आला त्या दिवसापासून आप्पांनी मला मारोती म्हणायचं सोडलं. 'मालक' म्हणायला लागले, आणि अहो-जाहो. चहा मागवायचा तरी विचारायचे, "मालक, सांगू का चहा?" गिऱ्हाइकाला टाकीचा भाव सांगायचा तर शेडच्या दाराशी येऊन उभे राहायचे, "मालक, काय म्हणता?" मी चिडायचो. वयानं बापासारखा माणूस, ज्याच्या पत्र्यावर मी हात बसवला, तो माझ्यासमोर हात बांधून उभा राहतो, हे मला शिवीसारखं लागायचं.  दुकानातल्या गादीवर त्यांनी नंबराचा कागद चौकटीत घालून ठेवला, देवाशेजारी असावा म्हणून.

संध्याकाळी घरी निघताना तर ठरलेलंच. छत्री काखेत घेऊन शेडशी यायचे. "मालक, येऊ का?" मी मान वर न करता ठोकत राहायचो. जा म्हणालो तर मालकी मान्य केल्यासारखं होईल, हा माझा हेका. आप्पा थोडा वेळ उभे राहायचे आणि हसत निघून जायचे. अशी कित्येक वर्षं गेली. ना त्यांनी विचारायचं सोडलं, ना मी उत्तर दिलं.

आप्पा आजारी पडले ते उन्हाळ्यात. एका दुपारी घरून बोलावणं आलं. मी हात धुवायलाही थांबलो नाही. माणसं भोवती बसलेली, आप्पांचे डोळे मिटलेले. मी जवळ बसलो तसे उघडले.

"मालक," म्हणाले, "येऊ का?"

मला ठोकायला हातात काही नव्हतं. मान खाली घालावी तर तिथं त्यांचाच हात.

"नाही," मी म्हणालो. "सुट्टी नाही. उद्या कामावर यायचं."

आप्पांच्या ओठाशी हसू आलं. "मारोती," म्हणाले, "आत्ता शोभलास रे." त्यांच्या तोंडून माझं नाव मी किती वर्षांनी ऐकलं. ऊन उतरायच्या आत ते गेले. तेवढा माझा हुकूम त्यांनी मोडला.

लिंगायतांत माणसाला बसवून नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. जन्मभर पोत्याला टेकून बसलेल्या माणसाला लाकडी मखरात बसवलं, विभूती लावली, फुलं घातली. पण मान एका बाजूला जात होती, पाठीला काही हवं होतं. घरचे उशी शोधू लागले. मी दुकानात गेलो, कुलूप काढलं, गादीवरचा लोड उचलला आणि घेऊन आलो.

त्यांच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं मला दारातच अडवलं. "हा तर देवाच्या गादीचा लोड. मालकाला विचारलं का?"

"मालक मीच आहे," मी म्हणालो. "लावा त्यांच्या पाठीला."