बारकीच्या गाडीखालचा डाग

बारकी माझी धाकटी बहीण. घरात सगळ्यांत शेवटची म्हणून बारकी. आता चाळिशीला आली तरी नाव तेच. गाडी चालवायला तिला मी शिकवलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण ती सांगणार नाही. अकरा वर्षं ती आपल्या डिझेल गाडीतून डायलिसिसच्या पेशंटांना दवाखान्यात नेते-आणते. अंगात ताप असला तरी खाडा नाही. असं दुसरं माणूस दाखवा मला.

त्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारातच गाडीखाली डिझेलचा डाग पडला. तिथं गाड्यांचं बघणाऱ्या साहेबानं सांगितलं, चार वाजता कोरडी गाडी दाखव, नाहीतर उद्यापासून दुसरी गाडी लावतो. ऐकून माझं टाळकंच सटकलं.

मी स्वतः तिच्याबरोबर गॅरेजला गेलो. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, नीट वाकूनही बघितलं नाही, म्हणे पंप गेलाय, आठ दिवस गाडी ठेवा. मी त्याला चार लोकांत असा झापला, की त्याच्या हातातला चहा निवून गेला. बारकीनं गुपचूप बॉनेट लावलं आणि गाडी घरी आणली.

घरामागच्या फरशीवर मी त्या मेकॅनिकचा उद्धार करत उभा, आणि ती कामाला लागलेली. इंजिन गार होऊ दिलं. जुन्या बनियननं एकेक नळी, एकेक जोड कोरडा पुसला. मग अंगाला लावायची पावडर आणून सगळ्या जोडांवर भुरभुरली, गाडी चालू केली आणि मला म्हणाली, आता गप्प बस आणि बघ. पंप पांढराच राहिला, म्हणजे गळती तिथली नव्हती. मी म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हतो? तेवढ्यात डिझेल फिल्टरच्या डोक्यावर, जिथं नळी बसते, तिथली पावडर ओली झाली.

फिल्टर मागच्या महिन्यात मीच बदलला होता.

तिनं गाडी बंद करून बोल्ट खोलला आणि जोड गळू नये म्हणून बसवतात तो तांब्याचा वॉशर माझ्या तळहातावर ठेवला. जुना, एका बाजूनं दबलेला. फिल्टरबरोबर दोन नवे आले होते. पण जुनं चालतंय तोवर नव्याला हात लावायचा नाही, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. नवे मी डब्यात टाकले होते.

"दादा, नवे कुठं ठेवलेस?"

एवढंच विचारलं तिनं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी खिळे-स्क्रूचा डबा अख्खा फरशीवर ओतला आणि गुडघ्यावर बसून दोन्ही वॉशर शोधले. तिनं बसवले. नळीत शिरलेली हवा मी फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबून दाबून काढली. अंगठा सुजला, पण सोडलं नाही. साडेतीनला नवी पावडर पांढरी ती पांढरीच.

चार वाजता दवाखान्याच्या दारात साहेबानं गाडीखाली कागद सरकवला, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायला लावलं. कागद कोरडा. कुठल्या गॅरेजला केलं, म्हणून विचारलं.

"घरीच," बारकी म्हणाली. "चूकही घरचीच होती."

मी पुढं झालो. "घरची नाही, माझी. आणि अकरा वर्षं खाडा न केलेल्या बाईला एका डागासाठी काढायला निघालात, ती चूक तुमची."

साहेब उद्याच्या यादीत तिच्या गाडीचा नंबर लिहून आत गेला.

परतताना बारकी म्हणाली, साहेबाशी भांडायची काही गरज नव्हती.

होती.