मावशींचा वाघ

खेळण्यांच्या कारखान्यात कापडी प्राण्यांना डोळे शिवायचं काम तीस वर्षं मावशींकडेच होतं. या वेळी वाघ हवा होता, चांगला उग्र. मावशींनी तीनदा उसवून शिवला, तरी कपाळ मोठं, डोळे खाली आणि एकमेकांपासून लांब. बघताक्षणी उचलून घ्यावासाच वाटे.

"हा वाघ आहे की तान्हं बाळ?" सुपरवायझर करवादला.

"काय करू? इथे कामाला लागले तेव्हा लेक चार महिन्यांची होती, तिच्याच तोंडावरून हाताला वळण लागलंय."

तेवढ्यात फाटकावर आवाज कडाडला. मावशींना न्यायला आलेली फौजदार लेक वॉचमनला फैलावर घेत होती. सुपरवायझर खिडकीतून डोकावला आणि झटकन मागे सरला.

"ही तुमची लेक? ही तर वाघीण!"

"लोक म्हणतात खरं," डोळा टाचत मावशी म्हणाल्या, "मला मेलीला कधी दिसलीच नाही."